इंग्रजी धावते तिथे मराठी चालते

आदरणीय बाई,
मी डिचोली तालुक्यातली. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. दोन वर्षं झाली, कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. गेल्या महिन्यात एक वयस्कर इंग्रज जोडपं उतरलं होतं. एका सकाळी ते गृहस्थ काउंटरपाशी येऊन म्हणाले, 'आय ॲम रनिंग अ टेम्परेचर.' मी 'रनिंग' एवढंच पकडलं. हसून सांगितलं की आत्ता ओहोटी आहे, वाळू घट्ट असते, धावायला छान वाटेल. ते काही न बोलता वर गेले. दुपारी रूम बॉयने सांगितलं की साहेबांना सडकून ताप आहे. मग मी डॉक्टरांना बोलावलं, फार्मसीत जाऊन औषधं आणली, किचनमध्ये सांगून पेज करून घेतली, दोन रात्री ड्युटी संपल्यावरही थांबले. पण ती सकाळ डोक्यातून जात नाही. म्हणून नेटवरून 'रन'चे चाळीस समानार्थी शब्द उतरवून पाठ केले. त्याने आणखीच घोळ झाला. गरम पाणी संपत आलंय असं रजिस्टरमध्ये लिहायचं होतं. 'रनिंग आऊट'ची भीती वाटली म्हणून यादीतला शब्द घेऊन 'हॉट वॉटर इज फ्लोइंग आऊट' लिहिलं. मेंटेनन्सची माणसं तासभर गळती शोधत फिरली आणि सुपरवायझर मला सगळ्यांसमोर बोलले. एका शब्दाला इतके अर्थ, ते पाठ करायचे तरी कसे?
ता. क. ते जोडपं जाताना चिठ्ठी ठेवून गेलं. 'थँक यू फॉर ऑल युवर रनिंग अराऊंड.' परत तोच शब्द. ही तक्रार आहे का? कुणाला विचारायची लाज वाटते.

प्रिय बाय,

चिठ्ठीकडे शेवटी येते. तोवर एवढंच सांगते की ती तक्रार नाही. फाडू नकोस.

आधी त्या सकाळचं बोलू, कारण खरी ती तुला सलते आहे. तुझ्या-माझ्या घरात कुणाला ताप आला की मोठी माणसं काय म्हणतात? 'ताका जोर आयला.' आता समज, घाटावरून नुकताच आलेला एखादा डॉक्टर हे ऐकतो. त्याला वाटेल, पेशंटच्या अंगात बळ आलं, बरं झालं. तो काही अडाणी नाही. 'जोर' हा शब्द त्याला लहानपणापासून माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच त्याला विचारावंसं वाटलं नाही. तुझं तेच झालं. त्या गृहस्थांनी एखादा कठीण वैद्यकीय शब्द वापरला असता तर तू लगेच 'सॉरी सर?' म्हटलं असतंस, आणि ताप सकाळीच कळला असता. अवघड शब्दापाशी आपण थांबतो. ओळखीचा शब्द आला की थांबायचं सुचतच नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मुलं मोठ्या शब्दांना फारशी फसली नाहीत. फसली ती रन, गेट, टेक, सेट, पुट असल्या तीन-चार अक्षरी क्रियापदांना.

त्यातही 'रन' सगळ्यांत थोरलं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती, ४३० अर्थांची. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली आणि २०११ साली 'रन' पुढे गेलं. पीटर गिलिव्हर या कोशकारांनी या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं आणि त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले. ज्याचा तो व्यवसायच आहे त्याला नऊ महिने लागले. तू ड्युटी सांभाळून चाळीस शब्द पाठ केलेस आणि त्यातला एक चुकीच्या जागी पडला, म्हणून स्वतःला इतकं लावून घेऊ नकोस.

आणि हे ६४५ अर्थ इंग्लंडातही कुणी पाठ करत नाही. तू 'लागणे'चे अर्थ कधी पाठ केलेस? तरी भूक लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, वळणाच्या रस्त्यावर बस लागते, दहावीचा निकाल लागतो, आणि अमका माणूस नात्याने आपला कोण लागतो हेही तू न अडखळता सांगतेस. प्रत्येक वेळी 'लागणे'च्या शेजारी कोण बसलंय ते पाहून अर्थ आपोआप उमगतो. भुकेशेजारचं लागणं निराळं, निकालाशेजारचं निराळं. 'रन'चं काम अगदी याच रीतीने चालतं. तुझ्या यादीत नेमके हे शेजारीच नव्हते.

मागे एकदा रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहत उभी होते. शेजारच्या एका परदेशी बाईने विचारलं, 'हाऊ लेट डझ इट रन?' मी उत्तर दिलं, आणि बोट पलीकडे पोचेपर्यंत तो प्रश्न मनात घोळत राहिला. हाच प्रश्न मी मराठीत विचारला असता तर म्हणाले असते, 'फेरीबोट रात्री किती वाजेपर्यंत चालते?' इंग्रजीत धावते, मराठीत चालते. घरी येऊन कागद घेतला नि लिहीत सुटले. शॉप रन करतात, आपण दुकान चालवतो. इंजिन रन होतं, आपलं इंजिन चालतं. नाटकाचे प्रयोग महिनोन्‌महिने रन होतात; आपण म्हणतो, नाटक चांगलं चाललं. भाडेपट्टा अमुक वर्षं रन होतो, आपल्याकडे तो तितकी वर्षं चालतो. शाळा, संस्था, वर्ग, सगळीकडे तेच. आणि बाय, तुझं गरम पाणी! मनातल्या मनात तू काय म्हणत होतीस? 'पाणी संपत चाललंय.' त्या 'चाललंय'च्याच जागी इंग्रजी 'रनिंग' आहे. तुझ्या तोंडात बरोबर वाक्य तयार होतं, आणि ते टाकून तू यादीतला शब्द घेतलास.

इंग्रजीलाही हे सगळं पहिल्यापासून धावतच करायचं होतं असं नाही. आगगाड्या आल्या, कारखान्यांची यंत्रं आली, अलीकडे संगणकावरचे प्रोग्राम आले, आणि प्रत्येक नव्या हलत्या वस्तूला त्या भाषेने 'रन' देऊन टाकलं. फ्रेंचांनी यंत्राला आपल्यासारखंच चालायला लावलं, जर्मनांनी धावायला. ज्या भाषेला जे पाऊल पडलं ते पडलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की 'रन' ऐकलंस आणि समोर माणूस धावताना दिसत नसेल, तर 'चालणे' लावून बघ. बऱ्याचदा कुलूप उघडेल. नेहमी नाही. आणि जिथे उघडत नाही तिथलीही एक गंमत आहे. कोकण रेल्वेच्या स्टेशनवर मराठी घोषणा ऐक: गाडी एक तास 'उशिराने धावत आहे'. उभी आहे कुठेतरी रत्नागिरीकडे, आणि धावत आहे! हा 'रनिंग लेट' इंग्रजीतून थेट आपल्याकडे आला आणि घोषणेत कायमचा बसला. घरी मात्र आपण 'गाडी लेट आहे' एवढंच म्हणतो. मला घरचं वाक्य जास्त आवडतं.

'चालणे' लागू पडलं नाही तर दुसरं 'वाहणे' लावून बघ. 'माय नोज इज रनिंग' म्हणजे नाक वाहतंय. 'द टॅप इज रनिंग' म्हणजे नळ सुरू आहे, पाणी वाहतंय. कुणी 'कुड यू रन अ बाथ?' म्हटलं तर टबात पाणी सोडून ठेवायचं. लाँड्रीत कुणी साडीकडे बोट दाखवून 'विल द कलर रन?' विचारलं तर रंग जाईल का, म्हणजे पाण्याबरोबर वाहून जाईल का, असं विचारतात. हा अर्थ मागाहून ओढूनताणून चिकटवलेला नाही. 'रन'चा जुन्या इंग्रजीतला जो पूर्वज आहे त्यात धावणं आणि वाहणं दोन्ही एकत्र नांदत होतं. आपल्याकडेही असंच एक घर आहे. संस्कृतात 'धाव्' या धातूला वेगाने जाणे आणि स्वच्छ करणे, असे दोन अर्थ सांगितले आहेत. म्हणून दात घासण्याला 'दंतधावन' म्हणतात. लहानपणी तो शब्द ऐकून मला वाटायचं, दात कुठे धावतात? कुणी समजावून सांगितलं असतं तर इंग्रजी नळाचं धावणं मला दहा वर्षं आधी कळलं असतं.

आता एक जागा अशी आहे जिथे मराठी तुला मदत करत नाही, उलट इंग्रजीच गोंधळात टाकते, आणि तिथे जरा जास्त वेळ थांबू. आपण काम आपोआप होत असेल तर एक रूप वापरतो आणि कुणी ते करवत असेल तर रूप बदलतो. दुकान चालतं, बाबा दुकान चालवतात. मूल पळतं, चोर मूल पळवतो. साखर संपते, पाहुणे साखर संपवतात. तो एक 'व' ऐकला की करणारा कुणीतरी आहे हे कळतं. इंग्रजी 'रन'मध्ये असा काहीच बदल होत नाही. 'शी रन्स' म्हणजे ती धावते. 'शी रन्स अ हॉटेल' म्हणजे ती हॉटेल चालवते. रूप तेच, फरक फक्त पुढे 'अ हॉटेल' आलं एवढाच. म्हणून 'रन' ऐकताक्षणी अर्थ ठरवायचा नाही. पुढचा शब्द येईपर्यंत थांबायचं. त्या सकाळी 'रनिंग'च्या पुढे 'अ टेम्परेचर' होतं. धावणारा माणूस टेम्परेचर धावत नाही. म्हणजे तिथे धावणं नव्हतंच. तापाच्या बाबतीत या 'रन'चा अर्थ 'अंगात असणे' इतकाच होतो. 'रनिंग अ टेम्परेचर' म्हणजे अंगात ताप आहे. 'रनिंग अ फीवर'चंही तेच.

मागे लागणारे छोटे शब्द हा तिसरा भाग. आऊट, ओव्हर, इंटू, डाउन. तू क्रिकेट बघतेस की नाही ठाऊक नाही, पण घरात कुणीतरी बघत असेलच. फलंदाज 'रन आऊट' झाला की मराठी वर्तमानपत्र 'धावबाद' लिहितं. आणि किचनमधून निरोप येतो, 'वी हॅव रन आऊट ऑफ पाव', तेव्हा कुणी बाद झालेलं नसतं, पाव संपलेला असतो. तेच दोन शब्द, तोच क्रम; पुढे 'ऑफ' आला की काहीतरी संपलं असं धर. वस्तूचं नाव आधी आलं तर 'ऑफ' गळतो: 'द हॉट वॉटर इज रनिंग आऊट.' रजिस्टरमध्ये हेच लिहायला हवं होतं. किंवा 'वी आर रनिंग आऊट ऑफ हॉट वॉटर.' अजून संपलं नसेल, नुसतं कमी होत असेल, तर 'रनिंग लो'. 'ओव्हर'पाशी मात्र जपून. मीटिंग 'रन ओव्हर' झाली म्हणजे वेळेपेक्षा लांबली. कुत्रा 'रन ओव्हर' झाला म्हणजे गाडीखाली आला. कुणी असं काही सांगत असेल तर चेहऱ्याकडे बघ, शब्दाकडे नंतर. 'इंटू'ही तसंच: बाजारात मैत्रिणीला 'रन इंटू' केलं म्हणजे ती अचानक भेटली, आणि गाडीने खांबाला 'रन इंटू' केलं म्हणजे धडक बसली.

निवडणुकीचंही सांगून टाकते, कारण गोव्यात तो विषय निघाल्याशिवाय राहत नाही. अमेरिकन उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो. इंग्लंडातला 'स्टँड' करतो. आपला माणूसही पंचायतीला उभाच राहतो. तेव्हा तुझ्या त्या इंग्रज पाहुण्यांशी बोलताना 'स्टँड' बरा, अमेरिकन पाहुणा असेल तर 'रन'. इथे दोन इंग्रज्यांपैकी एक आपल्या बाजूची निघाली.

आता यादीकडे वळते. यादीवर माझा राग आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूक मिसळलेली आहे. मीही वर्गात अशा याद्या फळ्यावर लिहून द्यायची. एका शब्दापुढे बरोबरचं चिन्ह, मग सहा शब्द. एकदा एका मुलाने निबंधात मांडवी 'स्प्रिंट' करते असं लिहिलं. मी लाल रेघ मारली, मार्क कापला. त्याने केलं काय होतं? मी दिलेला शब्द मी सांगितल्याप्रमाणे वापरला होता. त्या रेघेचं मला आजही वाईट वाटतं. 'स्प्रिंट' म्हणजे माणसाने थोड्या अंतरासाठी जीव तोडून धावणं. नदी तशी धावत नाही, हे सांगणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

समानार्थी म्हणतात ते शब्द एकमेकांच्या जागी बसतातच असं नाही. 'धावणे' आणि 'पळणे' घे. कुठल्याही यादीत शेजारी-शेजारी सापडतील. पण 'शेजाऱ्यांची मुलगी धावत गेली' आणि 'शेजाऱ्यांची मुलगी पळून गेली' ही दोन वाक्यं वाड्यावर सांगून बघ. पहिल्याने कुणी मानही वर करणार नाही. दुसऱ्याने चूल विझेपर्यंत चर्चा होईल. 'रन'च्या यादीत 'फ्ली' हा शब्द असाच भीतीने पळ काढण्याचा आहे, 'जॉग' व्यायामाचा, 'ऑपरेट' यंत्राचा, 'मॅनेज' कारभाराचा. मधल्या बरोबरच्या चिन्हात हे सगळं पुसलं जातं.

पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ मध्ये समानार्थी शब्दांचा जो प्रसिद्ध कोश काढला तो शब्द कल्पनांप्रमाणे मांडतो. आपला अमरकोशही शब्द वर्गांप्रमाणे मांडतो: स्वर्ग, पृथ्वी, वनस्पती, अशी एकेक दुनिया. असे कोश ज्याला ते शब्द आधीच ओळखीचे आहेत त्याच्यासाठी असतात. जिभेवर आहे पण आठवत नाही, अशा वेळी ते हात देतात. नवा शब्द शिकायला ते नव्हेत. शिकणाऱ्यासाठी वेगळे शब्दकोश निघतात, प्रत्येक अर्थाखाली पूर्ण वाक्यं देणारे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी अशा विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश १९४२ मध्ये तिथेच निघाला, आणि पुढे तोच ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' झाला. सुट्टीच्या दिवशी पणजीला येशील तेव्हा पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन लर्नर्स डिक्शनरी माग आणि 'रन'चं पान काढ. सगळं वाचू नकोस. तुझ्या काउंटरवर ऐकू येतील अशी दहा-बारा वाक्यं निवड, बाकीची सोडून दे.

ती वाक्यं वहीत उतरवताना डाव्या बाजूला इंग्रजी वाक्य पूर्ण लिही, सुटा शब्द कधीच नको. उजव्या बाजूला मराठीत किंवा कोंकणीत ते वाक्य तू आईला कसं सांगशील ते लिही. पुस्तकी भाषांतर नको. 'द शटल रन्स एव्हरी हाफ आवर' समोर 'दर अर्ध्या तासाला शटल असते' पुरे. बघ, इथे मराठीत क्रियापद जवळजवळ नाहीसंच झालं. असं झालं की थांबून बघ, कारण तिथेच दोन भाषांच्या चाली वेगळ्या होतात, आणि तो फरक एकदा स्वतःच्या हाताने लिहिला की सहसा पुन्हा चुकत नाही. रोज एक वाक्य खूप झालं. भूतकाळही त्याच वहीत येऊ दे: 'रॅन', आणि 'हॅव'नंतर पुन्हा 'रन'. 'वी हॅव रॅन आऊट' असं भलेभले लिहितात. तू लिहू नकोस.

काउंटरवर काही कळलं नाही तर हसून वेळ मारून नेऊ नकोस. हे मात्र मी जरा कडक होऊन सांगते, कारण समोरचा माणूस आजारी असू शकतो, घाबरलेला असू शकतो. 'सॉरी सर, डू यू मीन यू आर नॉट वेल?' असं आपल्याला जे समजलं ते साध्या शब्दांत परत विचारायचं. चूक समजलं असेल तर तो लगेच दुरुस्त करेल. कुणीही पाहुणा या प्रश्नाने रागावत नाही. आणि स्वतः लिहिताना किंवा बोलताना 'रन'ची खात्री नसेल तर यादीतला भारी शब्द शोधू नकोस, वाक्यच सोपं कर. 'वी हॅव व्हेरी लिटल हॉट वॉटर लेफ्ट' यात काहीच कमी नाही. मेंटेनन्सचा माणूस ते वाचून थेट बॉयलरकडे जाईल.

सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलले ते बरं केलं नाही. ती टीप तुझी होती, तर बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण वही सुरू केल्यावर एक दिवस त्यांनाच दाखव आणि विचार, कुठली वाक्यं रजिस्टरमध्ये नेहमी लागतात. बहुतेक करून ते सांगतील. आणि त्यांची दहा वाक्यं तुझ्या वहीत आली तर रजिस्टरचा प्रश्न तिथेच सुटतो.

आता चिठ्ठी. 'थँक यू फॉर ऑल युवर रनिंग अराऊंड.' माझ्या 'चालणे' आणि 'वाहणे'च्या किल्ल्या इथे लावू नकोस, इथे खरोखर धावणंच आहे. कुणासाठी इकडून तिकडे खेपा घालणं, एक काम झालं की दुसऱ्याला लागणं. तू डॉक्टरांना बोलावलंस, औषध आणलंस, पेज करवून घेतलीस, दोन रात्री थांबलीस. त्या नवरा-बायकोने ते सगळं पाहिलं होतं. सकाळचं त्यांच्या मनात राहिलं असतं तर त्यांनी चिठ्ठी लिहिलीच नसती. यासाठी मराठीत नेमका एक शब्द आहे आणि तो 'रनिंग अराऊंड'च्या जागी तसाच्या तसा बसतो: तू आमच्यासाठी केलेल्या धावपळीबद्दल आभार. वहीच्या पहिल्या पानावर डावीकडे ती चिठ्ठी चिकटव, आणि उजवीकडे हे वाक्य तुझ्या अक्षरात लिही.

तुझी,
बाई